भाव, ओलावा आणि व्याज : सहावी ते आठवीच्या संख्याज्ञान चाचणीविषयी खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य, गणित विषयाचे अधिव्याख्याते आणि चाचण्यांसाठी प्रश्न तयार करणारे शिक्षक बंधुभगिनी यांस

विषय : खान्देशातील आर्थिक व्यवहारांवर आधारित संख्याज्ञान चाचणी तयार करण्याबाबत

सविनय नमस्कार.

५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झाले आणि तिसरीपर्यंतच्या मुलांना बेरीज-वजाबाकी येते की नाही, ही काळजी गावोगावच्या शाळांत उघडपणे बोलली जाऊ लागली. ती योग्यच आहे. परंतु त्याच मुलांनी पाचवी ओलांडली की आपली काळजी थांबते. सहावी ते आठवीच्या वर्गांत गणिताची परीक्षा म्हणजे पाठात शिकवलेली रीत मुलाला आठवते का, याची परीक्षा होऊन बसते. त्या रीतीचा उपयोग करून चौदा वर्षांचा मुलगा घरचा एखादा व्यवहार तपासू शकतो का, दोन पर्यायांतला कोणता परवडतो हे आकड्यांनिशी सांगू शकतो का, हे आपण विचारतच नाही. म्हणून माझी मागणी अशी की, सहावी ते आठवीसाठी आर्थिक व्यवहारांच्या संदर्भातली एक संख्याज्ञान चाचणी आपण तिन्ही जिल्ह्यांनी मिळून, खान्देशातच आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने तयार करावी. या पत्रात तिचे प्रश्न कसे असावेत यावर मी अधिक लिहिले आहे, कारण अशा चाचण्या बिघडतात त्या बहुधा तिथेच.

अभ्यासक्रमात यासाठी नवीन काही घालावे लागणार नाही. आपण शिकवत आलेल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला शेकडेवारी आणि नफा-तोटा आहे, सातवीला सम व व्यस्त प्रमाण आणि बँक व सरळव्याज आहे, आठवीला सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज आहे. नववीत अर्थनियोजन हे प्रकरणच येते. म्हणजे गणित पुरेसे आहे. त्या गणितावर बेतलेले व्यवहार मात्र बहुतेक वेळा खोटे असतात.

एक नेहमीचे शाब्दिक उदाहरण घेतो. एका विक्रेत्याने ६० रुपये डझन दराने ५० डझन केळी घेतली आणि ७० रुपये डझन दराने विकली, तर त्याला किती नफा झाला? उत्तर ५०० रुपये. सावदा किंवा फैजपूरच्या मुलाला हे उदाहरण सोडवताना अडचण येते ती गणिताची नसते. पिकलेली केळी दुसऱ्या दिवशी काळी पडू लागतात, शेवटचा माल मिळेल त्या भावाने काढावा लागतो आणि हातगाडीचे भाडे रोजचे द्यावे लागते, हे त्याने बाजारात पाहिलेले असते. पूर्ण गुण हवे असतील तर हे सगळे त्याने विसरायला हवे. हेच उदाहरण असे विचारता येते : ५० डझनांपैकी ४२ डझन ७० रुपयांनी गेली, उरलेली ८ डझन संध्याकाळी ३० रुपयांनी काढली आणि गाडीचे भाडे १०० रुपये झाले. विक्री ३,१८० रुपये, खर्च ३,१०० रुपये आणि नफा ८० रुपये. क्रिया सहावीच्याच आहेत, फक्त ५०० चे ८० झाले आहेत. आता पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे : उद्या या विक्रेत्याने ५० डझनच घ्यावीत की ४२? (४२ डझनच घेतली असती तर भाडे जाऊन ३२० रुपये उरले असते. मुले हे करून बघतात तेव्हा त्यांना वाटणारे आश्चर्य खरे असते.)

पाठ्यपुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी केळी आणि काजूंच्या जागी भुईमूग लिहिला म्हणजे प्रश्न खान्देशी झाला, असे समजण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. पिकाचे नाव बदलल्याने प्रश्नातला विचार बदलत नाही. प्रश्नातून व्यवहार काढून घेतला आणि तरीही तो तसाच सुटला, तर तो व्यवहार शोभेपुरता होता असे समजावे आणि प्रश्न बाद करावा. आपल्याकडे खरा व्यवहार हातात असताना शोभेचा कशाला हवा? केळीचा शेतकरी 'यंदा बावीसची रास पडली' म्हणतो तेव्हा तो घडाचे सरासरी वजन सांगत असतो. सातवीच्या मुलाला दहा घडांची वजने देऊन रास काढायला सांगावी आणि मग विचारावे की, बावीसची रास म्हणजे प्रत्येक घड बावीस किलोचाच का? सरासरीची इतकी चोख कसोटी मला दुसरी सुचत नाही. नंदुरबारला पथारींवर ओली लाल मिरची वाळत घालतात. ओल्या मिरचीचा भाव देऊन आणि १०० किलो ओल्या मिरचीची २५ किलो सुकी होते असे धरून, सुक्या मिरचीला किलोमागे किमान किती भाव मिळाला तर वाळवण्याची मेहनत पदरात पडेल, हा प्रमाणाचा उत्तम प्रश्न होतो.

आता एक प्रश्न पूर्ण मांडतो, कारण नुसत्या तत्त्वांनी प्रश्न तयार होत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. आठवीसाठीचा मजकूर असा :

खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत कापसाला ८,११० रुपये भाव मिळतो. ओलावा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक जादा टक्क्यामागे भाव १ टक्क्याने कमी होतो आणि १२ टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेतला जात नाही. एका शेतकऱ्याकडे १२ क्विंटल कापूस असून त्यात ११ टक्के ओलावा आहे. केंद्रापर्यंत न्यायचे गाडीभाडे एका खेपेला १,८०० रुपये आहे आणि एका खेपेत हा सगळा कापूस मावतो. केंद्राचे पैसे काही दिवसांनी बँकेत जमा होतात. खेडा खरेदी करणारा व्यापारी दारात येऊन, ओलावा न मोजता, ७,४०० रुपये क्विंटल दराने रोख घ्यायला तयार आहे.

या मजकुरावर पहिला प्रश्न माहिती वाचण्याचा : किती टक्के भाव कमी होईल? येथेच अनेक मुले ११ टक्के लिहितील, काही ८ लिहितील. ३ लिहिणाऱ्याने नियम वाचलेला असतो. दुसरा प्रश्न आकडेमोडीचा : केंद्रावर भाडे वजा जाता हातात किती पडतील? भाव ७,८६६ रुपये ७० पैसे, १२ क्विंटलचे ९४,४०० रुपये ४० पैसे, भाडे वजा जाता ९२,६०० रुपये ४० पैसे. व्यापाऱ्याकडून ८८,८०० मिळतात, म्हणजे केंद्र ३,८०० रुपये ४० पैशांनी वर आहे. तिसरा प्रश्न खरा कस पाहतो : कापूस किती क्विंटलपर्यंत असेल तर व्यापाऱ्यालाच दिलेला परवडतो? क्विंटलमागे ४६६ रुपये ७० पैशांचा फरक आहे. ३ क्विंटलला तो १,४०० रुपये १० पैसे होतो, म्हणजे भाडेसुद्धा सुटत नाही, आणि ४ क्विंटलला १,८६६ रुपये ८० पैसे, म्हणजे भाडे सुटून थोडे उरते. ज्याच्याकडे तीनच क्विंटल कापूस आहे तो हमीभाव सोडून दारातल्या व्यापाऱ्याला का देतो, याचा हिशेब या प्रश्नात मुलाच्या हाताने होतो. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही, प्रश्नपत्रिकेत तर नाहीच.

चौथा प्रश्न असा : वेचणीच्या मजुरांना आजच पैसे द्यायचे असतील तर या शेतकऱ्याने काय करावे? इथे उत्तरसूची लिहिणाऱ्याची परीक्षा आहे. 'व्यापाऱ्याला द्यावा, ३,८०० रुपये कमी मिळतील, पण मजुरी आज देता येईल' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण. 'मजुरीपुरता कापूस व्यापाऱ्याला द्यावा आणि उरलेला चार क्विंटलपेक्षा कमी होणार नसेल तर केंद्रावर न्यावा' असे लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण, आणि अशा मुलाचे नाव मुख्याध्यापकांना आवर्जून सांगावे असे मला वाटते. 'केंद्रावर द्यावा, कारण ते सरकारी आहे' याला शून्य, कारण त्यात एकही आकडा नाही. गुण निर्णयाला नाहीत, निर्णयामागच्या हिशेबाला आहेत, हे उत्तरसूचीत नमुना उत्तरांसह लिहिलेले नसेल तर एका परीक्षा केंद्रावर ज्याला चार गुण पडतील, त्यालाच दुसऱ्या परीक्षा केंद्रावर दोन पडतील. तसेच ४६६ च्या ठिकाणी हातचा चुकून ४५६ आले आणि पुढची सगळी मांडणी बरोबर असली, तर एकच गुण जावा. शाळेत मात्र आपण शेवटचे उत्तर पाहून फुली मारतो.

बहुपर्यायी प्रश्नांचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यात आपली सर्वांत जास्त हयगय होते. चुकीचे तीन पर्याय म्हणजे मनाला येतील ते तीन आकडे, असा आपला रिवाज आहे. वास्तविक प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट गैरसमजातून आलेला असावा, म्हणजे मुलाने कोणता पर्याय निवडला यावरून त्याचे नेमके कुठे अडले ते शिक्षकाला कळते. कर्जाचे उदाहरण घेऊ. एका घराला ६ महिन्यांसाठी १०,००० रुपये हवे आहेत. बचत गट दरमहा शेकडा २ रुपये व्याज घेतो आणि पतसंस्था द.सा.द.शे. १४ दराने सरळव्याजाने कर्ज देते. दोन्हीकडे मुद्दल शेवटी एकरकमी फेडायची आहे. दोन्हीकडचे व्याज अनुक्रमे किती? पर्याय असे देता येतात : २०० आणि १,४०० रुपये, १०० आणि ७०० रुपये, १,२०० आणि १,४०० रुपये, १,२०० आणि ७०० रुपये. पहिला पर्याय निवडणाऱ्याने मुदत पाहिलीच नाही. दुसऱ्याने 'दरमहा' हा शब्द सोडून दिला आणि २ टक्के वर्षाचे धरले. तिसऱ्याने गटाचा हिशेब बरोबर केला, पण पतसंस्थेचे पूर्ण वर्षाचे व्याज धरले. चौथा बरोबर. वर्गातल्या निम्म्या मुलांनी दुसरा पर्याय निवडला असेल तर सरळव्याजाचे सूत्र पुन्हा घोटून घेण्यात अर्थ नाही. महिन्याचा दर आणि वर्षाचा दर यांची तुलना त्या वर्गाला शिकवायला हवी. आपल्या भागात घराघरांतल्या स्त्रिया गटाचे हप्ते भरतात, 'दोन टक्के' आणि 'चौदा टक्के' हे आकडे मुलांच्या कानावर रोज पडतात, आणि दोन हे चौदापेक्षा लहान म्हणून गट स्वस्त असे समजणारी मुलेच नव्हे तर मोठी माणसेही भेटतात. यातच एक पाऊल पुढे जाऊन, पतसंस्था ३०० रुपये प्रक्रिया शुल्क घेते अशी भर घालावी आणि कर्ज दोनच महिन्यांसाठी हवे असल्यास काय, असे विचारावे. गटाचे ४०० रुपये होतात आणि पतसंस्थेचे शुल्कासह सुमारे ५३३, उत्तर उलटते. मुदत बदलली की स्वस्त-महाग बदलते, हे कळलेले मूल आणि सूत्र पाठ असलेले मूल यांत ही चाचणी फरक करू शकेल.

मात्र कर्जाचा विषय आला की मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. परीक्षेला बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी कर्जाचा ताण प्रत्यक्ष चालू असतो. म्हणून थकबाकी, जप्ती, सावकाराचा तगादा, पीक बुडाले म्हणून घेतलेले कर्ज, असे मजकूर चाचणीत नसावेत. प्रश्नातले घर व्यवहार करणारे असावे, हतबल झालेले नसावे. आणि 'तुझ्या घरी महिन्याला किती खर्च होतो ते लिही' यांसारख्या कृती तर पूर्ण टाळाव्यात. त्यात गणित कमी आणि मुलांची पंचाईत जास्त होते.

याचा अर्थ गरिबाचा व्यवहारच चाचणीत येऊ नये असा नव्हे. आपल्या उदाहरणांतली माणसे सहसा दुकानदार असतात, ग्राहक असतात, फार तर शेतमालक असतात. मजूर क्वचितच दिसतो. दिसला तर 'एक काम १२ मजूर ८ दिवसांत करतात' एवढ्यापुरता. त्याला मजुरी किती मिळाली हे कोणी विचारत नाही. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, जाण्याआधी उचल घेतात आणि टनामागच्या दराने ती फेडत जातात. उचल, दर, रोज तुटणारे टन आणि खाण्यापिण्यासाठी दर आठवड्याला घेतलेली रक्कम यांच्या तक्त्यावरून उचल कोणत्या आठवड्यात फिटते हे काढणे, हा आठवीच्या समीकरणांचा प्रश्न आहे. कापसाच्या वेचणीचा किलोमागचा दर, दिवसाची वेचणी आणि जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे हा सहावीचा आहे. या मुलांच्या आईवडिलांचे काम प्रश्नपत्रिकेत सन्मानाने यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

न्यायाचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. रावेरच्या मुलाला केळीचा प्रश्न आपला वाटेल, पण धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या मुलाला 'घड', 'रास' हे शब्दच नवीन असतील. उलट महूफुले आणि आमचूर यांच्या खरेदीविक्रीत तो सरस असेल. खान्देश हा एक बाजार नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, उत्तरासाठी लागणारी प्रत्येक माहिती मजकुरातच असावी. बाहेरच्या अनुभवाने प्रश्न ओळखीचा वाटावा, पण त्याविना अडू नये. दुसरा, निम्मे संदर्भ असे असावेत की जे सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत सगळ्यांना सारखे आहेत. एसटीचे तिकीट घ्या : मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. आजी, आई, वडील आणि दोन मुले आठवडे बाजाराला गेली तर किती पूर्ण तिकिटांचे पैसे लागतील, हा प्रश्न सहावीच्या अपूर्णांकांना पुरेसा आहे. मोबाइलचे २८ दिवसांचे रिचार्ज घ्या : महिन्याला एक म्हणून वर्षाला बारा असे वाटते, पण ३६५ ला २८ ने भागले की तेरा होतात आणि वर एक दिवस उरतो. ८४ दिवसांच्या रिचार्जशी त्याची तुलना करायला लावली की मुलांना दर दिवसाचा खर्च काढावाच लागतो.

भाषेचाही विचार करावा लागेल. अहिराणी, भिली, पावरी बोलणारी मुले प्रमाण मराठीतला मजकूर वाचत असतात. लांब मजकूर म्हणजे कठीण प्रश्न, हा आपला समज सोडावा. वाक्ये छोटी असावीत, एका वाक्यात एकच आकडा असावा, 'आर्द्रता' ऐवजी 'ओलावा' लिहावे, आणि आकडे शक्य तिथे तक्त्यात किंवा पावतीच्या रूपात द्यावेत. बाजार समितीची हिशेबपट्टी, काटापट्टी, विजेचे बिल, बँकेच्या पासबुकाचे एक पान, हे सगळे नावे आणि खातेक्रमांक खोडून प्रश्नाचा आधार म्हणून वापरता येते. हिशेबपट्टीत हमाली आणि तोलाई कुठे वजा झाली हे शोधणे हेसुद्धा संख्याज्ञानच आहे. मजकुरात भाव लिहिताना तो कोणत्या हंगामाचा हे लिहावे, नाहीतर दोन वर्षांनी प्रश्न वापरताना मुले आपल्यालाच दुरुस्त करतील.

कोणी म्हणेल की व्यवहार मुलांना येतोच, तो शाळेने कशाला तपासावा? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांना आधी त्यांच्या गाडीपाशी गिऱ्हाईक म्हणून प्रश्न विचारले गेले आणि नंतर तीच आकडेमोड कागदावर दिली गेली. गाडीपाशी ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. संदर्भ नसलेल्या नुसत्या आकडेमोडीत ३६.८ टक्के. त्याच गणिताला शाब्दिक उदाहरणाचा संदर्भ दिला तेव्हा प्रमाण मध्ये, ७३.७ टक्क्यांवर होते. मुले फक्त पाच होती, हे लक्षात ठेवायलाच हवे. पण २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले, ज्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा सहभाग होता, आणि त्यातही हेच दिसले. इतकेच नव्हे तर शाळेत शिकणारी, काम न करणारी मुले उलट बाजूने अडली, कागदावरचे जमले आणि बाजारातले जमले नाही. दोन्ही गणिते एकाच मुलाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्या शाळांत दोन्ही प्रकारची मुले एकाच बाकावर बसतात, म्हणून आपल्याला दोन्ही टोके जोडणारी चाचणी हवी : तोच हिशेब एकदा व्यवहारात आणि एकदा नुसत्या आकड्यांत विचारणारी. दोन्हींच्या गुणांतला फरक हाच शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडेल.

इंडोनेशियाने आपल्या राष्ट्रीय परीक्षेच्या जागी २०२१ पासून जे मूल्यमापन आणले, त्यात आठवीच्या मुलांचे संख्याज्ञान वैयक्तिक, सामाजिक-सांस्कृतिक आणि वैज्ञानिक संदर्भांतून तपासले जाते आणि एका पर्यायाच्या प्रश्नांबरोबर अनेक बरोबर पर्यायांचे, जोड्यांचे, लघुत्तरी आणि सविस्तर उत्तराचेही प्रश्न असतात. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ मध्ये आर्थिक साक्षरतेची स्वतंत्र चाचणी प्रथम आली. हे नमुने पाहावेत, त्यांचे प्रश्न मात्र भाषांतरित करून घेऊ नयेत. आपल्याकडे 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०१७ आणि २०२३ च्या पाहण्यांत १४ ते १८ वयोगटाला सूट काढणे, अंदाजपत्रक सांभाळणे अशी कामे दिली होती. ती अधिक जवळची आहेत.

चाचणी बांधण्याच्या पद्धतीविषयी आपणास सांगण्याची गरज नाही, बी.एड.ला आपण सगळ्यांनी ती शिकली आहे, वापरत नाही एवढेच. संविधान तक्त्यात (कोणत्या घटकावर किती प्रश्न हे दाखवणाऱ्या आराखड्यात) घटकांच्या जोडीला व्यवहाराचा प्रकार आणि विचाराची पायरी, म्हणजे माहिती वाचणे, हिशेब करणे, निर्णय घेणे, हे दोन स्तंभ वाढवावेत. प्रश्न आधी चार-पाच मुलांसमोर ठेवून ती मोठ्याने विचार करत कशी सोडवतात ते ऐकावे, अहिराणीत बोलली तरी बोलू द्यावे. मग पथदर्शी चाचणी घ्यावी. समजा २०० मुलांनी ती दिली, तर वरची २७ टक्के म्हणजे ५४ आणि खालची ५४ मुले घ्यावीत. एखादा प्रश्न वरच्या गटात ४० जणांनी आणि खालच्या गटात १९ जणांनी बरोबर सोडवला असेल, तर त्याचे काठिण्यमूल्य (बरोबर उत्तरांचे प्रमाण) १०८ पैकी ५९ म्हणजे सुमारे ०.५५ आणि भेदनमूल्य (दोन गटांतला फरक) ५४ पैकी २१ म्हणजे सुमारे ०.३९ येते, असा प्रश्न ठेवावा. भेदनमूल्य ०.२० च्या खाली गेले तर प्रश्न कितीही गोड वाटला तरी काढावा. मला विशेष आग्रह आहे तो एका जादा तपासणीचा : एकूण गुण सारखे असलेली रावेरची आणि अक्कलकुव्याची मुले, त्याचप्रमाणे मुलगे आणि मुली, एकाच प्रश्नात फार वेगळी पडतात का ते पाहावे. पडत असतील तर तो प्रश्न गणित न मोजता गाव मोजतो आहे. हे काम संगणकावरच्या साध्या तक्त्यात होते, त्याला खर्च लागत नाही.

निकालाच्या वापराविषयी एकच विनंती : या चाचणीवरून शाळांची क्रमवारी लावू नये. क्रमवारी लागली की सरावसंच निघतील, सरावसंच निघाले की 'ओलाव्याच्या उदाहरणाची रीत' फळ्यावर लिहिली जाईल आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येऊ. शाळेला टक्केवारीऐवजी चुकांचा नकाशा मिळावा : किती मुलांनी मुदत सोडली, किती मुलांनी जादा टक्क्यांऐवजी सगळे टक्के धरले.

शेवटी वेळापत्रकाविषयी. पथदर्शी चाचणी दिवाळीपूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यावी. दुसऱ्या सत्रात घेतली तर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले वर्गात नसतात, कापूस वेचणीच्या दिवसांत इतरही अनेक गैरहजर असतात, आणि ज्यांच्या व्यवहारांवर आपण प्रश्न बेतले त्यांनाच वगळून आपण काठिण्यमूल्य काढलेले असेल. त्यासाठी प्रश्ननिर्मितीची कार्यशाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लगेच, जूनच्या अखेरीस व्हायला हवी. तीत तिन्ही जिल्ह्यांचे गणित शिक्षक असावेत, आश्रमशाळांचे शिक्षक आवर्जून असावेत, आणि निदान एक दिवस बाजार समितीत हिशेबपट्टी लिहिणारा दिवाणजी आणि बचत गटाची हिशेब ठेवणारी एखादी ताई यांना प्रश्न वाचायला बसवावे. प्रश्नातला व्यवहार खोटा असेल तर तो आपल्याआधी त्यांना दिसेल. या पत्रातले प्रश्न उत्तरसूचीसह द्यायला मी तयार आहे. ते बदलून, मोडून, हवे तसे वापरावेत.

कळावे,
आपला नम्र,
एक गणित शिक्षक
तालुका यावल, जिल्हा जळगाव